भूगर्भातील वास्तू आणि तिचे छायाचित्र : घोरावाडीच्या लेण्यांपासून पुण्याच्या भुयारी स्थानकांपर्यंत

१

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकलगाडी देहूरोड व बेगडेवाडी ही स्थानके मागे टाकून घोरावाडीस येते. या परिसरात घोरवडेश्वराचा डोंगर आहे आणि त्याच्या कातळात शेलारवाडीची म्हणून ओळखली जाणारी बौद्ध लेणी कोरलेली आहेत. घोरावाडीचे स्थानक उघड्यावरचे व लहानसे; तेथून तासाभराच्या आत पुण्यात शिवाजीनगरास उतरले की जमिनीखाली बांधलेल्या मेट्रोच्या स्थानकात शिरता येते. एकाच लोहमार्गाच्या आधाराने एका बाजूस सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली गुहा आणि दुसऱ्या बाजूस २०२३ साली खुले झालेले भुयारी स्थानक अशा दोन वास्तू एका दिवसात पाहता याव्यात, हा योग अभ्यासकाने दवडू नये असा आहे. दोन्ही वास्तू जमिनीच्या पोटात आहेत. दोहोंनाही पाहणाऱ्याला दुरून न्याहाळता येईल असे बाह्यांग जवळजवळ नाही. दोन्ही सार्वजनिक उपयोगासाठी निर्माण झाल्या. आणि दोहोंचे छायाचित्र घेताना एकच अडचण उभी राहते : जिला बाहेरची बाजू नाही, त्या वास्तूचे चित्र कोठे उभे राहून घ्यावयाचे?

ही अडचण केवळ यंत्राची वा तंत्राची आहे, असा सामान्य समज आहे. अंधार आहे म्हणून भिंग अधिक वेळ उघडे ठेवावे, जागा अपुरी आहे म्हणून रुंद कोनाचे भिंग वापरावे, गर्दी आहे म्हणून पहाटे जावे, अशी तिची उत्तरे सांगितली जातात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही उत्तरे वरवर तांत्रिक दिसली तरी वस्तुतः ती वास्तुविषयक निर्णय आहेत. आणि भुयारी स्थानकांच्या छायाचित्रणात आज जी शैली प्रतिष्ठा पावली आहे, ती हे निर्णय चुकीच्या दिशेने करते. भूगर्भातील वास्तूला ती जमिनीवरच्या वास्तूसारखी वागवते. परिणामी चित्र सुंदर होते, परंतु वास्तू त्यातून निसटते.

२

प्रथम कोरीव वास्तू म्हणजे काय याचा विचार करणे अवश्य आहे. बांधलेल्या इमारतीत द्रव्य रचून अवकाश वेढला जातो. कोरलेल्या वास्तूत द्रव्य काढून टाकून अवकाश मोकळा केला जातो. पहिलीत भिंत ही निर्मिती असते. दुसरीत पोकळी ही निर्मिती असते आणि भिंत हा उरलेला डोंगर असतो. मंदिराभोवती प्रदक्षिणा घालून त्याचे आकारमान ध्यानी येते. लेण्याभोवती प्रदक्षिणा घालता येत नाही. त्यात शिरावे लागते. म्हणून लेण्याचा अनुभव हा मूलतः प्रवेशाचा अनुभव आहे. उन्हातून सावलीत, सावलीतून अंधारात, आणि डोळा स्थिरावल्यावर त्याच अंधारातून हळूहळू उमलणाऱ्या आकारांत जाणे, हा क्रम त्या वास्तूच्या रचनेचाच भाग आहे. या क्रमाला वेळ लागतो. घोरवडेश्वराच्या लेण्यात शिरणाऱ्या मनुष्याला पहिल्या क्षणी जे दिसते आणि काही मिनिटांनी जे दिसते, त्यांत पुष्कळ अंतर असते. वास्तू तीच असते, पाहणाऱ्याचा डोळा बदललेला असतो.

या लेण्यांतील प्रकाश एका तोंडाने येतो. तोंडाजवळ तो प्रखर असतो, आत क्षीण होत जातो, आणि त्याच्या या उताराने खोली मोजता येते. याच मावळ प्रांतात कार्ल्याचे चैत्यगृह या तत्त्वाचा परमोत्कर्ष होय. सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद अशा त्या दालनात दर्शनी भागावरच्या विशाल चैत्यगवाक्षातून प्रकाश येतो आणि स्तंभांच्या दोन रांगांमधून मागच्या स्तूपापर्यंत पोहोचतो. फर्ग्युसनसारख्या वास्तुविवेचकाने कार्ल्याच्या या प्रकाशयोजनेची मुक्तकंठाने प्रशंसा केली, ती याच कारणासाठी. तेथे प्रकाश ही वास्तूवर बाहेरून पडणारी गोष्ट नाही. स्तंभाइतकाच तो वास्तूचा घटक आहे. त्याचा प्रहर बदलला की वास्तू बदलते.

घोरावाडीच्या लेण्यांतून आणखी एक गोष्ट शिकता येते. येथील ब्राह्मी शिलालेखांत धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका शेतकरी कुटुंबातील स्त्रीने पुत्रासह लेणे दान दिल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या लेखात चैत्यगृहाच्या दानाची नोंद भिक्षुणींच्या संदर्भात येते. राजा वा सेनापती यांची ही दाने नव्हेत. ज्यांनी ही पोकळी निर्माण करविली त्या साध्या माणसांची नावे त्या पोकळीच्या अंगावरच कोरली गेली. पुढे या स्थानी शिवलिंगाची पूजा सुरू झाली, महाशिवरात्रीस यात्रा भरू लागली, आणि वारकरी परंपरेने या डोंगराचा संबंध तुकोबांच्या एकांतवासाशी जोडला. म्हणजे भिक्षू गेले तरी लेणे रिकामे राहिले नाही. माणसांचा वावर ही या वास्तूची सततची अवस्था आहे. रिकामेपण हा अपवाद आहे.

यावरून भूगर्भातील वास्तूच्या छायाचित्राने सांभाळावयाच्या तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली तोंड, म्हणजे प्रकाश व प्रवेश कोठून होतो याचे भान. दुसरी माप, म्हणजे माणसाच्या देहाच्या संदर्भात पोकळीचे प्रमाण. तिसरी द्रव्य, म्हणजे जे काढून टाकले त्याची, खडकाची वा मातीची, जाणीव. या तीन कसोट्यांवर पुढील विवेचन आधारले आहे.

३

छायाचित्रणकलेचा जन्म झाल्यानंतर लवकरच तिने भूगर्भात उतरण्याचा प्रयत्न केला, आणि तेथेच तिच्यापुढे उपरोक्त अडचण उभी राहिली. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे दीर्घ कार्य केले, हे सर्वविदित आहे. परंतु त्यांनी लेण्यांची छायाचित्रेही घेतली. १८६४ साली फर्ग्युसन यांच्या विवेचनासह गिल यांच्या ७४ छायाचित्रांचा भारतातील शैलमंदिरांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची शंभर जोडचित्रे असलेला त्यांचा दुसरा ग्रंथ निघाला. दोन डोळ्यांच्या अंतराने घेतलेली ही जोडचित्रे विशिष्ट उपकरणातून पाहिली असता दृश्याला खोली प्राप्त होते. सपाट कागदावर पोकळीची खोली उतरत नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे या पद्धतीचा लेण्यांसाठी झालेला उपयोग किती समर्पक होता हे ध्यानी येईल. स्तंभाच्या पुढे आणि मागे किती जागा आहे हे पाहणाऱ्याला कळावे, ही गरज त्या पद्धतीने ओळखली होती.

त्याच सुमारास घोरावाडीपासून पश्चिमेस काही मैलांवर दुसरे प्रचंड खोदकाम चालू होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला. परंतु बोरघाटाची चढण मध्ये उभी होती. जेम्स बर्कली हे तिचे मुख्य अभियंता. पहिल्या कंत्राटदाराने १८५९ साली काम सोडले. त्याच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल लवकरच मृत्यू पावले, आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुरे करण्याची जबाबदारी पत्करली. १८६१ च्या आरंभी या घाटावर सुमारे ४२,००० मजूर काम करीत होते. पटकीच्या साथींनी त्यांतील असंख्य बळी घेतले. पंचवीस बोगदे असलेला हा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. अ‍ॅलिस ट्रेडवेल या स्वतः छायाचित्रे घेत असत, आणि घाटाच्या कामाची त्यांची छायाचित्रे अभ्यासकांना परिचित आहेत. ओल्या काचपट्टीच्या त्या काळच्या पद्धतीला भरपूर उजेड लागे. त्यामुळे बोगद्याचे पोट टिपणे जवळजवळ अशक्य होते. मावळातील आधुनिक खोदकामाचा पहिला चित्रलेख अशा रीतीने उजेडातील कामांचा लेख ठरला. अंधारात जे घडले ते चित्राबाहेर राहिले.

अंधारात उतरण्याचे धाडस पॅरिसमध्ये नादार यांनी केले. १८६१ च्या सुमारास त्यांनी शहराखालच्या अस्थिभुयारांत व सांडपाण्याच्या मार्गांत विजेचे दिवे नेऊन छायाचित्रे घेतली. एका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ मजुराने निश्चल राहणे अशक्य. म्हणून नादार यांनी मजुरांच्या जागी पोशाख केलेले पुतळे उभे केले. या प्रसंगाचा उल्लेख बहुधा गंमत म्हणून केला जातो. परंतु समीक्षकाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. माणूस चित्रात येऊ शकत नाही हे कळल्यावरही नादार यांनी भुयार रिकामे दाखविले नाही. देहाचे माप नसेल तर भुयाराला अर्थ राहणार नाही, हे त्यांनी जाणले. खऱ्या माणसाची उणीव त्यांनी खोट्या माणसाने भरून काढली. आजच्या छायाचित्रकाराजवळ अत्यल्प उजेडात, क्षणाच्या अंशात चित्र घेणारे यंत्र आहे. माणसाला टिपण्यास त्याला काही आडकाठी नाही. तरीही तो माणूस निघून जाण्याची वाट पाहतो, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

४

आता प्रतिष्ठित शैलीकडे वळू. भुयारी स्थानकाचे आदर्श मानले जाणारे छायाचित्र कसे असते? कॅमेरा फलाटाच्या वा दालनाच्या नेमक्या मध्यरेषेवर, तिपाईवर ठेवलेला असतो. रुंद कोनाच्या भिंगामुळे छत, भिंती व फरशी यांच्या रेषा दूरच्या एका बिंदूकडे धावतात. उजवी बाजू डाव्या बाजूचे प्रतिबिंब असते. माणूस नसतो. गाडी असलीच तर ती प्रकाशाचा एक ओघळ बनलेली असते. कमीअधिक उजेडाची अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र केलेली असल्यामुळे सावली जवळजवळ नाहीशी झालेली असते. मॉस्को, स्टॉकहोम, वॉशिंग्टन, आणि आता मुंबई वा पुणे, कोठलेही स्थानक या साच्यात बसविता येते.

या शैलीचे आकर्षण कशात आहे हे मराठी वाचकाला समजावून सांगण्यास मर्ढेकरांची परिभाषा उपयोगी पडेल. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ सालच्या ग्रंथात त्यांनी लयतत्त्वाची संवाद, विरोध व समतोल अशी सूत्रे मांडली. उपरोक्त चित्रात संवाद आहे : स्तंभामागून स्तंभ, दिव्यामागून दिवा. समतोल तर पराकोटीचा आहे. परंतु विरोध नाही. उजेडाला अंधाराचा, दगडाला देहाचा, स्थैर्याला गतीचा विरोध तेथून प्रयत्नपूर्वक काढून टाकलेला असतो. म्हणजे निव्वळ लयतत्त्वाच्या कसोटीवरही हे चित्र अपुरे ठरते.

परंतु येथे मर्ढेकरांच्याही भूमिकेची मर्यादा नोंदविली पाहिजे. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या माध्यमातील घटकांच्या परस्परसंबंधांत असते, लौकिक उपयोगात नव्हे, असा त्यांचा रोख आहे. वास्तूच्या छायाचित्राला ही भूमिका जशीच्या तशी लावता येत नाही. ते चित्र रेषांची व छटांची रचना असते, त्याचबरोबर एका विशिष्ट ठिकाणाविषयीची साक्षही असते. साक्ष खोटी असेल तर रचनेच्या गुणाने ती खरी होत नाही. म्हणून वास्तुछायाचित्राच्या समीक्षेत लौकिकाचा प्रश्न परक्याचा ठरत नाही. तो घरातलाच प्रश्न आहे.

एका प्रसिद्ध उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मॉस्कोचे मायाकोव्स्काया स्थानक १९३८ साली खुले झाले. अलेक्सेई दुश्किन हे त्याचे वास्तुकार. जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या या दालनाच्या छतात लंबवर्तुळाकार घुमट घेतलेले असून त्यांत अलेक्सांद्र देइनेका यांच्या चित्रांवरून केलेली कुट्टिमचित्रे बसविली आहेत. त्यांचा विषय सोविएत भूमीवरील आकाशाचा एक अहोरात्र. जमिनीच्या पोटात उतरलेल्या मनुष्याने घुमटाखाली उभे राहून मान वर करावी आणि त्याला आकाश दिसावे, ही त्या वास्तूची मध्यवर्ती कल्पना आहे. परंतु या स्थानकाचे सर्वत्र आढळणारे छायाचित्र मध्यरेषेवरून, दालनाच्या लांबीच्या दिशेने घेतलेले असते. त्यात पोलादी कमानींची मालिका दिमाखाने दिसते. घुमटातील चित्रे मात्र कमानींच्या आड जातात. मध्यरेषेच्या मोहाने छायाचित्रकाराने त्या वास्तूचे आकाशच काढून घेतले. समप्रमाणता ही तटस्थ दृष्टी आहे असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. ती एक निवड आहे, आणि तिची किंमत मोजावी लागते.

स्टॉकहोमची गोष्ट आपल्या विषयाला आणखी जवळची आहे. तेथील काही स्थानकांत खोदलेला खडक सपाट भिंतींनी झाकून न टाकता त्याचे खडबडीत रूप राखले गेले आणि त्यावरच रंगकाम झाले. हे आधुनिक जगातील लेणेच म्हणावयाचे. १९७५ साली टी-सेंट्रालेन स्थानकाच्या नव्या फलाटावर पेर ओलोफ उल्त्वेत यांनी निळ्या वेलबुट्टीबरोबर स्थानक उभारणाऱ्या कामगारांच्या छायाकृतीही रंगविल्या. घोरावाडीच्या शिलालेखांतील दात्यांच्या नावांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहात नाही. पोकळी निर्माण करणाऱ्यांची नोंद पोकळीच्या अंगावर ठेवावी, ही बुद्धी दोन अगदी भिन्न संस्कृतींत दिसते. छायाचित्राने फक्त वेलबुट्टी घेतली आणि कामगार सोडले, तर त्याने अर्धीच वास्तू पाहिली असे म्हणावे लागेल.

५

यावर असा आक्षेप येईल की, माणसे आली म्हणजे ते वास्तूचे छायाचित्र राहात नाही, माणसांचे होते. हा आक्षेप निराधार नाही. वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत, कोटाआड लपविलेल्या कॅमेऱ्याने प्रवाशांची छायाचित्रे घेतली. ती पुस्तकरूपाने १९६६ साली प्रसिद्ध झाली. त्यांत चेहरे आहेत, वास्तू जवळजवळ नाही. अज्ञाताच्या संमतीवाचून त्याचा चेहरा घेण्याचा नैतिक प्रश्नही त्यांतून उपस्थित होतो, आणि आजच्या छायाचित्रकाराला तो टाळता येणार नाही.

परंतु या टोकाचे निराकरण करणारे दुसरे उदाहरण उपलब्ध आहे. १९४० च्या नोव्हेंबरात, लंडनवर बॉम्बवर्षाव होत असता, बिल ब्रांट यांनी भुयारी रेल्वेत आश्रय घेतलेल्या नागरिकांची छायाचित्रे घेतली. लिव्हरपूल स्ट्रीट येथील अपुऱ्या बोगद्याच्या चित्रात वर्तुळाकार भुयार दूरवर जात आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस माणसे ओळीने निजलेली आहेत. कोणाही एकाचा चेहरा चित्राचा विषय नाही. पण देहांच्या त्या ओळीमुळेच बोगद्याची लांबी, त्याची अरुंदता, छताची वक्रता आणि वरच्या भूमीचे ओझे ही सर्व एकदम प्रतीत होतात. रिकाम्या बोगद्याच्या चित्राने यांतील लांबी व वक्रता कदाचित दाखविली असती. ओझे दाखविले नसते. माणसांनी येथे वास्तूला झाकलेले नाही, ती मोजून दाखविली आहे. माणसे चित्रात असावीत की नसावीत हा प्रश्नच मुळी नीट मांडलेला नाही. ती चित्रात कोणत्या कामासाठी आहेत, असा प्रश्न विचारला पाहिजे.

रिकाम्या स्थानकाच्या चित्राचाही स्वतःचा उपयोग आहे, हे मान्य करावयास हवे. मापे घेणाऱ्याला, दुरुस्ती करणाऱ्याला, बांधकामाचा तपशील अभ्यासणाऱ्याला ते चित्र लागते. लेण्यांच्या सर्वेक्षणातही अशा चित्रांचे स्थान आहे. दोष त्या चित्राचा नाही. ते चित्र म्हणजेच वास्तू, असे समजण्याचा आहे.

६

आता पुण्याकडे येऊ. पुणे मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गाचा सुमारे सहा किलोमीटरांचा भाग भुयारी असून त्यावर शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई व स्वारगेट ही पाच स्थानके आहेत. पहिली दोन १ ऑगस्ट २०२३ रोजी आणि उरलेली तीन २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुली झाली. मुंबईत आरे ते कफ परेड या ३३.५ किलोमीटरांच्या तिसऱ्या मार्गिकेवर २७ स्थानके असून आरे वगळता सर्व भुयारी आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत ती तीन टप्प्यांत सुरू झाली. म्हणजे महाराष्ट्रातील भुयारी स्थानकांची पहिली छायाचित्रे अगदी आपल्या काळात घेतली जात आहेत. जे पहिले घेतले जाते तेच पुढे पुराव्याचे स्थान पावते. बोरघाटाच्या बोगद्यांच्या बाबतीत जे तंत्राच्या अभावी झाले, ते येथे शैलीच्या प्रभावाने होऊ नये, ही या लेखामागील खरी चिंता आहे.

या पाच स्थानकांत जिल्हा न्यायालय हे प्रस्तुत दृष्टीने सर्वांत विचारणीय होय. त्याची खोली सुमारे ३३ मीटर, म्हणजे मायाकोव्स्कायाइतकी आहे. परंतु त्याचे वैशिष्ट्य निराळे आहे. वरच्या उंच छताची योजना अशी केली आहे की दिवसाचा नैसर्गिक प्रकाश खोल आतपर्यंत उतरावा. मॉस्कोच्या वास्तुकाराने प्रवाशाला आकाशाचे चित्र दिले. पुण्याच्या स्थानकात प्रत्यक्ष आकाशाचा उजेड खाली आणला आहे. कार्ल्याच्या चैत्यगवाक्षाशी या योजनेचे नाते ऐतिहासिक नाही. तसे सुचविणे हा कल्पनाविलास ठरेल. परंतु तत्त्व एकच आहे : पोकळीला तोंड आहे, आणि त्या तोंडातून आलेला प्रकाश खोलीचे भान देतो. अशा स्थानकात सकाळ, दुपार व संध्याकाळ यांत फरक असणारच. मग रात्री, केवळ दिव्यांच्या उजेडात, गाड्या थांबल्यावर घेतलेले, सावल्या पुसून काढलेले चित्र या वास्तूची नेमकी विशेषता गमावून बसते. ज्या स्थानकाचा प्रहर बदलतो त्याचे एकच छायाचित्र पुरेसे होऊ शकत नाही.

शिवाजीनगर स्थानकाच्या सजावटीत गिरिदुर्गाच्या वास्तुरूपाचा आधार घेतलेला आहे. जमिनीवर उंच उभारलेल्या किल्ल्याची प्रतिमा जमिनीखाली आणण्याचा हा प्रयत्न. त्याच्या यशापयशाची चर्चा स्वतंत्रपणे करता येईल. पण ती चर्चा करण्यासाठी लागणारे छायाचित्र कोणते? दर्शनी तटबंदीचे समोरून घेतलेले चित्र केवळ रचनाकाराचा हेतू सांगते. सरकत्या जिन्याने खाली उतरणाऱ्या प्रवाशाला ती तटबंदी कोणत्या पायरीवर, कोणत्या कोनातून प्रथम दिसते, आणि घाईने चालणाऱ्याला ती दिसते तरी की नाही, हे सांगणारे चित्र समीक्षकाला हवे आहे. ते मध्यरेषेवर मिळणार नाही. ते जिन्याच्या उतारावर मिळेल. किंबहुना भुयारी स्थानकाचा खरा दर्शनी भाग म्हणजे त्याचा जिना. लेण्याचे तोंड जे काम करते तेच तो करतो, आणि प्रतिष्ठित शैलीत जिन्याचेच चित्र सर्वांत कमी आढळते.

तिसरी कसोटी द्रव्याची. लेण्यात कातळ उघडा असतो; छिन्नीचे घाव मोजता येतात. पुण्याच्या स्थानकांत खडक काँक्रीट व फरश्या यांच्या आड गेला आहे. पुण्याखालून बोगदे पाडणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा व पवना ही नद्यांची नावे दिली होती. त्यांनी जो काळा कातळ फोडला तो घोरवडेश्वराच्या कातळाच्याच जातीचा, दख्खनच्या ज्वालामुखी थरांतला. तो आता दिसत नाही, म्हणून छायाचित्रात त्याची जाणीव आणणे अवघड आहे. परंतु बोगद्याचे काळे तोंड, फलाटाच्या टोकाशी जेथे फरशी संपते आणि अंधार सुरू होतो ती रेषा, ही त्या काढून टाकलेल्या द्रव्याची एकमेव उरलेली खूण आहे. सावल्या पुसून टाकणारी पद्धत नेमकी हीच खूण पुसते.

७

या सर्वांच्या मुळाशी एक व्यावहारिक कारणही आहे व त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. भुयारी रेल्वेत छायाचित्रणावर निर्बंध असण्याची परंपरा जुनी आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमानुसार रेल्वेसारखे दळणवळणाचे मार्ग अधिसूचनेद्वारे प्रतिबंधित ठिकाणे म्हणून घोषित करता येतात. कलकत्त्याची भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली. तेथे फार काळ छायाचित्रणास मनाई होती. सुरक्षिततेची चिंता खोटी नाही. परंतु मनाईचा एक परिणाम असा की, ज्याला परवानगी मिळते त्याचेच चित्र उरते, आणि परवानगी बहुधा स्थानक खुले होण्यापूर्वी, उद्घाटनाच्या निमित्ताने मिळते. तेव्हा स्थानक स्वच्छ असते, दिवे नवे असतात आणि प्रवासी अजून आलेलाच नसतो. रिकामेपणाची शैली केवळ सौंदर्यदृष्टीतून जन्मली नाही. तिच्या जन्मवेळी प्रवासी दाराबाहेर उभा होता. ते निर्मात्या संस्थेने काढवून घेतलेले स्वतःचे चित्र असते. संस्थेला तसा अधिकार आहे. पण समीक्षकाने ते वास्तूचे चित्र म्हणून स्वीकारू नये.

म्हणून आपल्या विभागातील वास्तू व कला यांच्या अभ्यासकांना एक सूचना करावीशी वाटते. रीतसर परवानगी घेऊन, कोणाचा चेहरा विषय न करता, या स्थानकांची प्रहरवार छायाचित्रे घेतली जावीत : रस्त्यावरील प्रवेशद्वारापासून जिन्याच्या मार्गाने फलाटापर्यंत, प्रवासी जसा उतरतो त्याच क्रमाने व त्याच डोळ्याच्या उंचीवरून. प्रत्येक चित्राखाली दिवस, वेळ व उभे राहण्याचे स्थान नोंदवावे. भिंगाचा कोन मानवी दृष्टीच्या जवळपास ठेवावा. सावली सावली म्हणून राहू द्यावी. हे काम करण्यापूर्वी एक सकाळ घोरवडेश्वराच्या लेण्यात घालवावी, म्हणजे डोळा अंधाराला सरावेपर्यंत थांबण्याची सवय होईल.

त्या लेण्यात शेतकरी कुटुंबातील एका स्त्रीचे नाव दगडात राहिले. म्हणून सुमारे दोन हजार वर्षांनंतरही ती पोकळी कोणी करविली हे आपण सांगू शकतो. पुण्याच्या स्थानकांतून रोज ये-जा करणाऱ्यांची नावे कोठेही कोरली जाणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. त्यांच्यासाठी ही वास्तू होती, एवढे तरी तिच्या छायाचित्रांवरून पुढच्या अभ्यासकाला कळावे.